मामाचा टकला कांचा : दोन 'अग्निपथ' आणि माझं पडलेलं प्रकरण

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत झरीला गेलो होतो. झरी म्हणजे परभणीहून जिंतूरकडे निघालात की वाटेत लागतं ते आमचं गाव. माझा पीएचडीचा विषय तुम्हाला माहीत आहेच : मराठवाड्यातल्या खेड्यात व्हिडिओवर सिनेमा कसा पाहिला गेला, साधारण १९८५ ते १९९५. तर म्हटलं, सुरुवात घरापासून करू. मामाला बसवलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "गणपतीत व्हिडिओ आणायचे तेव्हा पाहिलेला कोणता पिक्चर आठवतो?"

मामा एका दमात म्हणाला, "अग्निपथ. अमिताभचा." आणि मग पाऊण तास सांगत राहिला. मास्तर बापाला गावासमोर वडाच्या झाडाला कसं लटकावलं, पोरगं कसं बघत राहिलं, तो टकला कांचा कसा हसला. मी टिपण करताना समासात लिहून ठेवलं : 'विलक्षण दृश्यस्मृती.' त्या मुलाखतीच्या आधारावर प्रकरणाची पंधरा पानं लिहिली. गाईडना दिली.

त्यांनी चहा पिता पिता एकच प्रश्न विचारला. "१९९० च्या 'अग्निपथ'मध्ये टकला कोण आहे हो?"

कोणीच नाही. १९९० चा कांचा चीना म्हणजे डॅनी डेन्झोंग्पा. सुटाबुटातला, थंड डोक्याचा, केस व्यवस्थित विंचरलेले. टकला कांचा २०१२ चा, संजय दत्त. वडाच्या झाडाला लटकावणंही २०१२ चंच. १९९० मध्ये मास्तर जमावाच्या हातून मरतो. माझ्या मामाने १९९० च्या रात्री पाहिलेला सिनेमा मला २०१२ च्या चेहऱ्यांनी सांगितला होता, आणि मी इतिहासाचा विद्यार्थी असून तो जसाच्या तसा उतरवून घेतला होता. प्रकरण पडलं.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की 'जुना सिनेमा आणि त्याचा रिमेक' हा विषय सिनॉप्सिससाठी घ्यायची इच्छा दरवर्षी कोणाला तरी होतेच. सोपा वाटतो ना. दोन सिनेमे बघायचे, साम्य एका बाजूला, फरक दुसऱ्या बाजूला, झाला तक्ता तयार. मीही तसाच तक्ता केला होता. तो तक्ता खोटा नव्हता, पण त्यातून काहीच निघत नव्हतं. का निघत नव्हतं, ते या दोन 'अग्निपथ'वरूनच सांगतो.

आधी जुन्याची माहिती. 'अग्निपथ' फेब्रुवारी १९९० मध्ये आला. दिग्दर्शक मुकुल आनंद, निर्माते यश जोहर, शीर्षक हरिवंशराय बच्चन यांच्या कवितेवरून. अमिताभला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोहिणी हट्टंगडी आईच्या भूमिकेत, मिथुन चक्रवर्ती कृष्णन अय्यर एम.ए. या नारळपाणीवाल्याच्या. एवढं सगळं असून सिनेमा तिकीटबारीवर चालला नाही. आज आपण त्याला 'क्लासिक' म्हणतो. हे क्लासिकपण त्याला नंतर मिळालं, व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीमुळे. तुमच्या हातात जुना सिनेमा आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : हा कोणासाठी क्लासिक, आणि कधीपासून? थिएटरचे आकडे एक सांगतात आणि झरीच्या पारावरचा व्हिडिओ दुसरंच.

त्या सिनेमातला अमिताभचा घोगरा आवाज तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. असं सांगतात की प्रेक्षकांना वाटलं थिएटरचा साउंडच खराब आहे. तक्रारी आल्या आणि मग आवाज पुन्हा डब करावा लागला. असंही सांगतात की तो आवाज मन्या सुर्वेवरून घेतला होता. इथे जरा थांबा. 'असं सांगतात' हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले. मन्या सुर्वे, म्हणजे मनोहर अर्जुन सुर्वे, ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याला पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, हे नोंदलेलं आहे. त्याच्या आवाजावरून विजयचा आवाज बेतला, ही वर्तमानपत्रातून फिरलेली गोष्ट आहे. ती खरीही असेल. पण प्रबंधात पहिली गोष्ट एका प्रकारच्या वाक्यात येते आणि दुसरी दुसऱ्या. या दोन वाक्यांतला फरक राखता आला तरी निम्मं काम झालं, असं मला आता वाटतं. (टकल्या कांचानंतर वाटतं. आधी वाटत नव्हतं.)

मन्या सुर्वेची तारीख मात्र लक्षात ठेवा. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. मध्य मुंबईतल्या चाळींमधून जी पोरं पुढे टोळ्यांत गेली त्यांच्याबद्दल लिहिताना हा जानेवारी सगळेच आठवतात. १९९० चा 'अग्निपथ' पाहणाऱ्या प्रेक्षकाला टोळीवाला म्हणजे परग्रहावरचा माणूस नव्हता. तो शेजारच्या खोलीतला होता.

आता खरी गंमत. आपण १९९० च्या सिनेमाला 'मूळ' म्हणतो. तो मूळ आहे का?

ब्रायन डी पाल्माचा 'स्कारफेस' १९८३ चा. अल पचिनो त्यात क्यूबातून आलेला टोनी मोंटाना. 'अग्निपथ'मधल्या आई-बहीण-गुन्हेगार मुलगा या त्रिकोणावर त्या सिनेमाची छाया आहे, हे समीक्षक कायम लिहीत आलेत. आणि तो १९८३ चा 'स्कारफेस' स्वतःच रिमेक. मूळ हॉवर्ड हॉक्सचा, १९३२ चा, पॉल म्युनीचा. डी पाल्माने आपला सिनेमा हॉक्स आणि लेखक बेन हेक्ट यांना अर्पणही केला आहे. म्हणजे तुम्ही 'दोन सिनेमांची तुलना' म्हणून बसलात आणि हातात चार सिनेमांची साखळी आली.

साखळी हातात आली की तक्ता आपोआप बाजूला पडतो, कारण तुम्ही प्रत्येक कडीला विचारायला लागता : तू काय विकतोस? १९३२ चा टोनी दारू विकतो. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, १९२० ते १९३३. १९८३ चा टोनी कोकेन विकतो, आणि तो १९८० मध्ये मारिएल बंदरातून जे सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन लोक फ्लोरिडाला आले त्यांच्यातला. सांगाडा तोच, पण प्रत्येक काळाने त्यात आपला बंदी घातलेला माल आणि आपला परका माणूस भरला. आपल्याकडेही हेच. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हातभट्टीवर वरदराजन मुदलियारसारख्यांचं राज्य उभं राहिलं. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता तोवर सोन्याची तस्करी हा मोठा धंदा. हाजी मस्तानच्या दंतकथा त्याच काळातल्या. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये, 'अग्निपथ' आला त्याच वर्षी. अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा १९८५ चा. आणि १९९० च्या कांचाला मांडव्याच्या किनाऱ्यावर अड्डा कशासाठी हवाय? हेरॉइनसाठी. दहा वर्षं आधी हीच गोष्ट लिहिली असती तर पेटीत सोन्याची बिस्किटं असती.

पण मालापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती भारतीय कडीने घातलेली भर. दोन्ही 'स्कारफेस'मध्ये बाप नाही आणि गाव नाही. टोनीला वर चढायचंय, बस्स. त्याला कुठे परत जायचं नाही. 'अग्निपथ'ने त्यात एक मास्तर बाप घातला आणि एक गाव घातलं. सगळी गोष्ट मग उलटी फिरते. विजयला वर नाही चढायचं, मागे जायचंय. मांडव्याला.

आणि विजय स्वतःची ओळख कशी करून देतो ते ऐकलंय ना? पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, आणि वय तर महिने-दिवसांसकट. तहसीलमध्ये अर्ज भरतोय असं वाटतं. 'जंजीर'मधला विजय खन्ना होता, 'दीवार'मधला विजय वर्मा. हा मात्र विजय दीनानाथ चौहान. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. ही आपली, महाराष्ट्राची नाव लिहायची पद्धत आहे. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, रेशन कार्डावर नाव असंच असतं. ७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्या माणसाला कामाच्या ठिकाणी पहिला प्रश्न 'नाव काय, गाव कोणतं' हाच असायचा. मामा म्हणाला, "त्यो नाव सांगायला लागला की आमी समदे संगट म्हणायचो. लास्टला आपल्या गावाचं नाव घालायचो." म्हणजे विजय पडद्यावर मांडवा म्हणायचा आणि पारावर झरी.

मांडवा खरा कुठे आहे? रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, गेटवेवरून लाँच सुटते तिथे समोर. पण मांडवा, मांडवे अशी गावं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत आणि मामाला कित्येक वर्षं वाटत होतं की पिक्चरमधलं मांडवा आपल्याच भागातलं. समुद्र दिसतो त्याचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, "पिक्चरमदी काय बी दाखवतेत." यात हसण्यासारखं काही नाही. २०१२ च्या सिनेमात मांडवा दिसतं ते तर दीवमध्ये उभारलेलं होतं. मामापेक्षा निर्माते मांडव्याच्या काही फार जवळ नव्हते.

तर १९९० मध्ये मास्तर दीनानाथ मारला का जातो? त्याला गावात वीज आणायची असते. लोक त्याचं ऐकतात. गावचा दिनकर राव नावाचा बडा माणूस त्यामुळे दुखावतो, आणि कांचाला जागा हवी असते. दोघं मिळून मास्तरवर बदनामी आणतात आणि लोकांकडूनच त्याला संपवतात. विजयचं सिनेमातलं वय छत्तीस. सिनेमा त्याच्याच काळात घडतो असं धरलं तर त्याचा जन्म १९५४ च्या आसपासचा, आणि बापाचा खून साठच्या दशकातला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं १९६० मध्ये. खेड्याखेड्यात खांब रोवले जात होते तो काळ. खांब कोणाच्या वाड्यापासून पुढे जाणार, कोणाच्या वस्तीला आधी दिवा लागणार, याचं राजकारण प्रत्येक गावाने पाहिलंय. ज्यांनी हा सिनेमा लिहिला त्यांनी खलनायकीची सुरुवात बंदुकीने केली नाही, दिव्याने केली.

२०१२ मध्ये ही वीज गेली. करण मल्होत्राने दिग्दर्शित केलेला, करण जोहरच्या निर्मितीतला हा सिनेमा २६ जानेवारी २०१२ ला आला आणि जोरात चालला. बापाचा पडलेला सिनेमा मुलाने पुन्हा उभा केला, हे वेगळंच. यश जोहर २००४ मध्ये गेले होते, आणि बापाचं नाव परत मिळवण्याची गोष्ट सांगणारा सिनेमा बापाच्या नावासाठी केला गेला. या सिनेमात भांडण विजेचं नाही, जमिनीचं आणि मिठाचं आहे. गावकऱ्यांच्या मिठाच्या जमिनी कांचाला हव्या आहेत, त्याआड कोकेनचा धंदा करायला. मास्तर म्हणतो, आपलं मीठ आपण करू.

इथे माझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. रायगड, जमीन, २००५ चा सेझ कायदा, २००८ मध्ये पेण भागातल्या बावीस गावांत भूसंपादनाबद्दल घेतलेलं जनमत... लगेच लिहून टाकावंसं वाटतं की 'रिमेकमधील जमिनीचा संघर्ष हे सेझविरोधी आंदोलनाचं प्रतिबिंब आहे.' मी लिहिलं होतं. 'प्रतिबिंब' हा शब्द प्रबंधात दिसला की गाईड लाल पेनाने गोल करतात, आणि बरोबर करतात. पटकथा लिहिणाऱ्याने सेझ मनात धरला होता याचा माझ्याकडे एकही पुरावा नाही. मीठ म्हटल्यावर त्याच्या डोक्यात १९३० चा दांडीचा सत्याग्रह असू शकतो, मास्तर गांधीवादी दाखवायचा म्हणून. मला एवढंच म्हणता येतं की २०१२ मध्ये 'गावावर संकट' दाखवायचं तर जमीन जाणं हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं. वीज न मिळणं कदाचित सांगावं लागलं असतं. मल्टिप्लेक्समध्ये. झरीत नाही. आमच्याकडे २०१२ मध्ये लोडशेडिंग जोरात होतं, दिवसातले कित्येक तास लाईट नसायची.

किनाऱ्याबद्दल मात्र एक गोष्ट पक्की आहे. १९९० च्या सिनेमाने रायगडचा किनारा तस्करीचा तळ म्हणून दाखवला. तीन वर्षांनी, १९९३ च्या सुरुवातीला, त्याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि शस्त्रं उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्ब फुटले. सिनेमाने भविष्य सांगितलं असं कृपा करून लिहू नका. या किनाऱ्यावर माल उतरतो हे १९९० मध्ये सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते सिनेमात आलं. पण १९९३ नंतर तो सिनेमा पाहणाऱ्याला किनाऱ्यावरची होडी पहिल्यासारखी दिसणं शक्य नव्हतं.

आता त्या जागेवर येतो जिथे माझा तक्ता सपशेल तोंडावर आपटला.

तक्त्यात मी लिहिलं होतं : 'कृष्णन अय्यर हे पात्र वगळले. रौफ लाला हे पात्र नव्याने घातले.' दोन ओळी. फरक क्रमांक सहा आणि सात. पुढे गेलो.

कृष्णन अय्यर एम.ए. म्हणजे काय होतं ते आठवा. तमिळ, एम.ए. झालेला, मुंबईत नारळपाणी विकणारा. हसवायला होता हे खरं, मिथुनच्या उच्चारांवर थिएटर लोटपोट व्हायचं. पण नावापुढची पदवी बघा. एम.ए. होऊन शहाळी विकणाऱ्या माणसावर १९९० मध्ये हसणारे जे होते त्यांच्यात बरेचसे बेकार पदवीधर असणार. (आपण सेट-नेटवाले अजून हसतोय.) आणि मद्रासी माणूस. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा मुंबईत पहिला रोख दाक्षिणात्यांवर होता. तिथून चोवीस वर्षांनी त्याच शहरातल्या सिनेमात मराठी वळणाच्या नायकाचा जीव वाचवतो तो एक अय्यर, आणि पुढे त्याच्या बहिणीशी त्याचं जुळतं.

विजयला वाढवणारी टोळीही बघा. हसमुख, उस्मान भाई, अण्णा शेट्टी. सगळ्या जातीधर्मांची भागीदारी कंपनी. खऱ्या मुंबईतही हाजी मस्तान, करीम लाला आणि वरदराजन मुदलियार ही तीन नावं एका दमात घेतली जायची. वाईट माणसं होती, पण वाईटपणा कोणा एकाच्या नावावर मांडलेला नव्हता.

२०१२ मध्ये अय्यर नाही, शेट्टी नाही, हसमुख नाही. आहे तो रौफ लाला. ऋषी कपूर. अमली पदार्थ विकतो आणि पोरी विकतो. ऋषी कपूरनं काम जबरदस्त केलंय, सगळ्यांनी तेच लिहिलं, मीही तेच लिहिलं.

हे मला कळलं ते व्हिडिओवाल्या चाचांमुळे. झरीत गणपतीला, उरुसाला, लग्नाला कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे ते हे चाचा. परभणीहून कॅसेट आणायचे, जनरेटर स्वतःचा. त्यांची मुलाखत मी तांत्रिक माहितीसाठी घेत होतो : भाडं किती, कॅसेट कुठून, लाईट गेली तर काय. ते सगळं झालं, रेकॉर्डिंग बंद केलं, चहा आला. तेव्हा ते म्हणाले, नव्या 'अग्निपथ'ला पोरांनी हौसेने परभणीला टॉकीजला नेलं होतं, पण इंटर्व्हलला मी बाहेर येऊन बसलो.

मी विचारलं, का?

"पहिल्या पिक्चरमदी समदे व्हते, बेटा. गुजराती, मद्राशी, आपला उस्मान भाई. चोर म्हंजे चोर. दुसऱ्यामदी आमचाच तेवढा ठेवला."

मी काहीच बोललो नाही. पंधरा पानांत मी वीज लिहिली होती, मीठ लिहिलं होतं, सेझ लिहिला होता. १९९० आणि २०१२ च्या मध्ये १९९२-९३ आहे हे मला तारखेने माहीत होतं. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. 'रिमेक मुस्लिमविरोधी आहे' असं एक वाक्य लिहून मोकळं होता येत नाही. त्याच सिनेमातला सगळ्यात मोठा राक्षस कांचा आहे आणि तो गीतेतलं तत्त्वज्ञान झाडतो. भ्रष्ट मंत्री बोरकर आहे, सचिन खेडेकरांचा. वाईट माणसं सगळीकडची आहेत, असं कोणी म्हटलं तर ते खोटं नाही. पण टोळीतली भागीदारी गेली, हेही खोटं नाही. १९९० च्या लेखकाला टोळी रचताना चार समाजांची नावं सहज सुचली. २०१२ च्या लेखकाला एकच लाला सुचला, आणि प्रेक्षकांना, परीक्षकांना, मला, त्यात काही वेगळं घडलंय असं वाटलंही नाही. 'वाटलं नाही' हाच इथे पुरावा आहे, आणि तो सिनेमात सापडत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात सापडला.

गणपतीचं गाणं दोन्ही सिनेमांत आहे, हेही बघून ठेवा. नव्याचं संगीत अजय-अतुल यांचं. 'चिकनी चमेली' ऐकून झरीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगत होतं की ही तर 'कोंबडी पळाली'. २००६ च्या 'जत्रा'मधली. म्हणजे २०१२ चा सिनेमा वरून जास्त मराठी झाला होता : संगीत मराठी, गणपती मोठा. आणि मुंबई मात्र लहान झाली होती. हे माझं मत. तुम्ही खोडा.

मग पडलेल्या प्रकरणाचं काय केलं? मामाची मुलाखत फेकून द्यायची असं मी ठरवलं होतं. गाईड म्हणाले, फेकू नका, पुन्हा ऐका. काय मिसळलं ते कळलं, आता काय मिसळलं नाही ते बघा.

पुन्हा गेलो. या वेळी सिनेमाची गोष्ट विचारलीच नाही. विचारलं : कुठे बसला होता? पोतं होतं की सतरंजी? पट्टी किती काढली होती? शेजारी कोण? लाईट कितीदा गेली? आठवण तपासायची तर अशी, अंगाला लागून असलेल्या गोष्टींपासून. गोष्ट दुसऱ्या सिनेमातून उसनी येऊ शकते, पण बुडाखालचं पोतं येत नाही. मामानं सगळं सांगितलं. पारावर, मारुतीकडे पाठ करून, थंडी वाजत होती. आणि मध्येच म्हणाला, अमिताभचा आवाज असा घरघर यायला लागला की आम्ही ओरडलो, "हेड साफ करा, हेड!" चाचांनी पिक्चर थांबवून व्हीसीआर उघडलं, हेड पुसलं, पुन्हा लावलं. आवाज तसाच. मग चाचांना शिव्या.

हा प्रसंग २०१२ मधून येऊ शकत नाही. हृतिकचा आवाज स्वच्छ होता. हा पारावरचाच.

मग पहिली मुलाखत पुन्हा ऐकली. मामाच्या गोष्टीत कांचा नवा आहे, झाड नवं आहे. पण मास्तर वीज आणतोय. मिठाचा शब्दही नाही. नारळपाणीवाला आहे, चांगला दहा मिनिटं आहे. आणि पाऊण तासात रौफ लाला एकदाही आलेला नाही, आणि उस्मान भाईही नाही. चाचांच्या आठवणीत वीज नाही, मीठ नाही, झाड नाही. उस्मान भाई आहे आणि लाला आहे. दोघांची घरं एकाच गल्लीत. जुना सिनेमा त्यांनी एकाच रात्री, एकाच टीव्हीवर पाहिला.

नवं प्रकरण या दोन आठवणींवर लिहितोय. तक्ता काढून टाकला.

निघताना चाचांनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. आत वीसेक कॅसेट, बऱ्याच बुरशीने पांढऱ्या. एकीवर निळ्या पेनाने 'अग्नीपथ' लिहिलंय. लेबलवर भावाचं दुकान परभणीतलं, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. ही कॅसेट चालली तर निदान एक गोष्ट कळेल : झरीने ऐकला तो आवाज पहिल्या डबिंगचा होता की बदललेला. चाचांचं व्हीसीआर केव्हाच भंगारात गेलं. परभणीत विचारलं, नांदेडला विचारलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर चालू स्थितीतलं व्हीसीआर असेल तर सांगा, मी घ्यायला येतो. येताना हेड पुसायचं कापड घेऊन येईन.